सावकाश उडणारं विमान

माळ्यावर एक खोकं आहे. त्यात करड्या-हिरव्या रंगाचा एक पंख आहे, बुडापासून चार बोटांवर तुटलेला. फोम लाकडासारखा रेषेनं तुटत नाही, भाकरी मोडावी तसा मोडतो आणि कडेला दाणे मोकळे होतात. त्या दाण्यांत अजून शेतातली काळी माती अडकलेली आहे. पंखाशेजारी वाकलेल्या दांड्याची मोटर आणि प्रोपेलरचं अर्धं पातं. माझं हे पहिलं रेडिओवरचं, म्हणजे हातातल्या रिमोटनं उडवायचं विमान. ते हवेत किती वेळ होतं ते मला नेमकं माहीत आहे, कारण बायको फोनवर चित्रण करत होती. सहा सेकंद.

दिवाळीच्या सुट्टीत इचलकरंजीहून भाचा आला. नववीत आहे. रात्रीची जेवणं झाल्यावर माझ्याशेजारी येऊन बसला आणि फोन पुढं केला. ‘मामा, हे घ्यायचं का?’ फोनवर दोन शेपट्यांचं लढाऊ जेट, खाली किंमत आणि किमतीखाली ठळक अक्षरांत ‘नवशिक्यांसाठी उत्तम’. हेच दोन शब्द वाचून मीही पैसे भरले होते. विकणारा वेगळा, विमान वेगळं, शब्द तेच. मी काही न बोलता शिडी लावली आणि खोकं खाली काढलं.

माझा धंदा पॅटर्नचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लहानसं दुकान आहे, हाताखाली तिघं आहेत. फाउंड्रीत एखादा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो, मग वाळूत त्याचा ठसा घेऊन त्यात रस सोडतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना मीटरला साधारण १० मिलीमीटर आकसतं, म्हणून आमची मोजपट्टीच तेवढी वाढीव असते. सागवान, रंधा, पटाशी आणि ही पट्टी यांत तीस वर्षं गेली की माणसाला वाटायला लागतं, आपल्या हाताला न येण्यासारखं काय आहे? कोल्हापुरात तर हे वाटणं पाण्यातच आहे. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला, आणि तो अभिमान इथला प्रत्येक लेथवाला आपल्या घरचा समजतो. मीही समजतो. त्यामुळं विमान निवडताना मी एकच गोष्ट बघितली, ते दिसतं कसं. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाची प्रतिकृती होती ती. पंख पोटाखालून बसवलेले, टोकाकडं निमुळते होत गेलेले. पसारा ८० सेंटिमीटर. जोडणी इतकी सुबक झाली की दोन दिवस ते दिवाणखान्यात टेबलावरच ठेवलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वडणग्याच्या पुढं ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात गेलो. ऊस नुकताच तुटून गेला होता, पाचट पसरलेलं होतं, वारा नावाला होता. मी थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, पूर्ण दिला आणि विमान जोरानं पुढं फेकलं. ते दोन-तीन पुरुष उंच चढलं, मग डावा पंख खाली जायला लागला. मी रेडिओवरची काडी उजवीकडं दाबली. त्यासरशी डावा पंख सावरायच्या ऐवजी झटक्यात खाली गेला, विमान पाठीवर वळलं आणि नाकावर रानात घुसलं. आवाज मोठा नव्हता. ओल्या मातीत नारळ आपटावा तसा. मला वाटलं रेडिओ उलटा जोडला गेला. घरी येऊन चारदा तपासला, काही उलटं नव्हतं. मी योग्य बाजूला काडी दाबली होती आणि विमान विरुद्ध बाजूला पडलं होतं, हे कोडं मला आठवडाभर झोपू देईना.

राजारामपुरीत एक निवृत्त सर राहतात. पॉलिटेक्निकात शिकवायचे. दोरीला बांधून गोल फिरवायच्या डिझेल इंजिनाच्या विमानांपासून त्यांनी सगळं उडवलेलं आहे. कुणीतरी त्यांचं नाव सांगितलं, तेव्हा हेच खोकं घेऊन त्यांच्या दारात गेलो. त्यांनी तुकडे बाहेर काढले, स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला, विमानाचं सगळं सामान त्यावर ठेवलं आणि पट्टीनं पंख मोजला.

‘मेस्त्री, वजन भरलं ६२० ग्रॅम. पंख ८० सेंटिमीटर लांब, सरासरी रुंदी १४. म्हणजे ११.२ चौरस डेसिमीटर. आता भागा.’

मी भागलं. तळहाताएवढ्या, म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरच्या प्रत्येक तुकड्यावर ५५ ग्रॅमचा भार. मग त्यांनी भिंतीवर टांगलेलं आपलं विमान दाखवलं. पांढरं, साधं, पंख डोक्यावर. वजन ७०० ग्रॅम, म्हणजे माझ्यापेक्षा जास्तच. पण पंख १२० सेंटिमीटर लांब आणि १८ रुंद. तळहाताएवढ्या तुकड्यावर ३२ ग्रॅम. एवढ्यावर सर थांबले नाहीत, वहीत पुढचा हिशेब करून दाखवला. हवेत तरंगत राहायला लागणारा कमीत कमी वेग या भाराच्या वर्गमुळाप्रमाणं वाढतो. त्यांचं विमान ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगातही हवेत टिकतं, माझ्याला जवळजवळ ३३ लागतात. हातानं फेकून एवढा वेग देणं फार अवघड. विमान हवेत गेलं तेव्हाच त्याचा वेग काठावर होता.

आणि उलट पडण्याचं कोडंही तिथंच सुटलं. पंखाच्या मागच्या कडेला हलणारी जी पट्टी असते, तिला एलेरॉन म्हणतात. काडी उजवीकडं दाबली की डाव्या पंखावरची पट्टी खाली जाते, म्हणजे त्या टोकाला हवा जास्त तिरकी भेटते. वेग भरपूर असेल तर त्यानं पंख उचलला जातो. वेग काठावर असेल तर हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते आणि उचल एकदम संपते. स्टॉल म्हणतात तो हाच. निमुळत्या टोकाचा पंख तर टोकाकडूनच आधी सुटतो. विमान सावरायला मी जे केलं, त्यानंच ते पाडलं. चूक माझ्या बोटांची नव्हती, निवडीची होती. त्या विमानावर माझ्यासारख्यानं विचार करायला वेळच उरत नव्हता.

सरांनी मग आपलं पांढरं विमान खाली काढून माझ्या डोळ्यांसमोर आडवं धरलं. समोरून बघितलं तर पंख सरळ नव्हते, दोन्ही टोकं किंचित वर उचललेली होती, हात जोडून ओंजळ उघडावी तशी. याला डायहेड्रल म्हणतात. विमान एका बाजूला कललं की ते त्याच बाजूला घसरायला लागतं. घसरताना समोरून येणारी हवा खाली गेलेल्या पंखाला जास्त कोनात भेटते, वरच्याला कमी. त्यामुळं खालचा पंख आपोआप वर येतो. काडी सोडली तरी विमान स्वतःला सरळ करतं. ही कल्पना किती जुनी असावी? अल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणानं १८७१ साली पॅरिसच्या एका बागेत रबराच्या पिळावर चालणारं हातभर लांबीचं विमान उडवलं. पंखांची टोकं वर वळवलेली, मागं योग्य कोनात बसवलेली शेपटी. ते कुणाच्याही मदतीशिवाय ११ सेकंद स्थिर उडत राहिलं. माझ्यापेक्षा पाच सेकंद जास्त, आणि त्याच्यावर रेडिओ नव्हता.

हे सगळं डोक्यात पटलं, पण मनात उतरलं ते दुसऱ्या दिवशी दुकानात. नवं पोरगं कामाला लागलं होतं. त्याला मी शिवणीच्या लाकडाच्या तुकड्यावर रंधा धरायला बसवलं होतं. त्यानं कड पार उतरवून टाकली, चेहरा पडला आणि माझ्याकडं बघायला लागला. मी म्हटलं, ‘अरे, म्हणून तर तो तुकडा दिलाय. दुसरा घे.’ आणि बोलता बोलता थबकलो. आयुष्यात एकाही नव्या पोराच्या हातात मी पहिल्या दिवशी गिऱ्हाईकाचा पॅटर्न दिला नाही. स्वतःच्या हातात मात्र दिला होता.

भाच्याला मी हे सगळं त्या रात्री सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि भिंतीवरच्या माझ्या आताच्या विमानाकडं बघत म्हणाला, ‘पण मामा, हे साधं दिसतंय.’ दिसतंच. मी नाही म्हणालो नाही. विमानाचं वेड लागतं ते रूपामुळं लागतं, पोटाशी आवळलेल्या पंखांमुळं, टोकदार नाकामुळं. पोराला त्या रूपाची ओढ लागली यात वाईट काहीच नाही. मी त्याला एवढंच म्हणालो की जेट तुझं होईलच, फक्त ते तिसरं किंवा चौथं असू दे. लहान जेटच्या पोटात एक पंखा असतो. त्याला जोर धरायला वेळ लागतो, हळू उडणं त्याला जमत नाही, आणि तो बॅटरी तीन-चार मिनिटांत पिऊन टाकतो. शिकणाऱ्याला हवा असतो वेळ, आणि जेट नेमका तोच देत नाही.

मग घ्यायचं काय? आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत हेच बघत बसलो. मोटर नाकावर असलेलं विमान नाकावर पडलं की दांडा वाकतो, प्रोपेलर तुटतो. म्हणून काही विमानांत मोटर पंखाच्या मागं, उंचावर बसवतात आणि प्रोपेलर मागून ढकलतो. नाकात नुसता फोम असतो. ईझीस्टार आणि बिक्सलर ही या घडणीची गाजलेली नावं, जगभरात कितीतरी लोक त्यांवर शिकलेत. फोमही सगळा सारखा नसतो. थर्माकोल कडक आणि ठिसूळ. इपीओ चिवट, आणि त्याचा तुटलेला तुकडा जागच्या जागी चिकटवता येतो. इपीपी तर रबरासारखं दबून परत उसळतं. शिकण्यासाठी इपीओ किंवा इपीपी, बाकी नको. दुकानात मिळणाऱ्या साध्या फोमबोर्डातून कटरनं कापून, हॉट ग्लूनं जोडून घरीही चांगलं विमान होतं. २२१२ मापाची मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी आणि पट्ट्या हलवणारे ९ ग्रॅमचे दोन-तीन सर्वो एवढ्यात ते उडतं. माझं मन त्याकडंच ओढतं, कारण जे आपण कापलंय ते मोडल्यावर पुन्हा कापता येतं. पण भाच्याला आधी उडवायचं होतं, घडवायचं नंतर. त्याची घाई मला मान्य झाली.

तीन चॅनेल की चार, यावर लोक फार वाद घालतात. तीन म्हणजे थ्रॉटल, नाक वर-खाली करणारा एलिव्हेटर आणि शेपटीचा रडर. चौथा एलेरॉन. डायहेड्रलवाल्या विमानाला नुसता रडर पुरतो आणि पहिल्या काही दिवसांत एक काळजी कमी होते. आम्ही चार चॅनेलचं घेतलं, जायरोसकट. हात सोडले की जायरो विमान सपाट करतो. जुने लोक याला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. पोहायला शिकवताना आपण पाठीला डबा बांधतोच की. बटण फिरवून जायरो बंद करता येतो ना, एवढं बघून घ्यावं. आणि आकार? पाऊण हाताची इवली विमानं शाळेच्या मैदानात छान उडतात, पण आपल्याकडं उघड्या माळावर थोडा वारा सुटला की ती पाचोळ्यासारखी भिरकावली जातात. मीटर ते सव्वा मीटर पंखाचं विमान वाऱ्यात पाय रोवून उभं राहतं आणि दूर गेलं तरी त्याची कूस डोळ्याला कळते.

पैसे वाचवायचेच तर विमानात वाचवावेत, रेडिओत वाचवू नयेत, हे मी ठासून सांगतो. विमान जातं, रेडिओ राहतो. सहा चॅनेलचा बरा रेडिओ घेतला तर पुढची पाच-सात विमानं त्याच्यावर निघतात. आपल्याकडं बहुतेक जण डाव्या काडीवर थ्रॉटल ठेवतात, तसाच घ्यावा म्हणजे अडचणीत शेजारचा माणूस रेडिओ हातात घेऊन विमान वाचवू शकतो. आजचे रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि आपापल्या विमानातल्या रिसीव्हरशी बांधलेले असतात. पूर्वी असं नव्हतं. रेडिओत फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल असे, आणि दोघांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली तर एकानं बटण दाबलं की दुसऱ्याचं विमान कोसळे. सर सांगतात, मैदानात एका फळीवर कपड्यांचे चिमटे लावलेले असायचे. ज्याच्याकडं त्या फ्रिक्वेन्सीचा चिमटा, त्यानंच रेडिओ चालू करायचा. अमेरिकेत वॉल्ट आणि बिल गुड या भावांनी १९३७ साली ‘गफ’ नावाचं रेडिओवरचं विमान उडवलं, ते आज तिथल्या विमान संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे. त्यांनी रेडिओ स्वतःच्या हातानं जोडला होता. आपल्याला तो डबा उघडून नुसता घ्यायचा आहे, तर नीट बघून घ्यावा. सिग्नल तुटला तर मोटर बंद झाली पाहिजे, ही सोय घरी प्रोपेलर काढून आधी तपासावी.

विमान यायला आठ दिवस लागणार होते. तेवढ्यात मी भाच्याच्या कॉम्प्युटरवर पिकासिम, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा सराव, टाकून दिलं. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला, ‘मामा, माझ्याकडं यायला लागलं की सगळं उलटं होतंय.’ हीच खरी अडचण. विमान आपल्यापासून दूर जात असताना उजवं म्हणजे उजवं. ते वळून आपल्याकडं आलं की त्याचं उजवं आपल्या डावीकडं असतं, आणि घाबरलेला हात नेमका चुकीच्या बाजूला जातो. सरांनी मला एक युक्ती दिली होती, ती मी पुढं दिली. विमान तुझ्याकडं येत असेल तर जो पंख खाली गेलाय त्या बाजूला काडी टाक, जणू काडीनं त्या पंखाला खालून टेकू देतोयस. डावं-उजवं विसर. आठ दिवसांत त्यानं पडद्यावर शंभरएक विमानं पाडली असतील. त्यातल्या एकाचाही फोम झिजला नाही.

बॅटरीविषयी मात्र मी त्याच्या आईसमोर बोललो, कारण हे घरातल्या सगळ्यांनी ऐकायचं असतं. लिपो बॅटरीचा एक सेल भरला की ४.२ व्होल्ट असतो. उडवताना तो ३.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, आणि आठवडाभर ठेवायची असेल तर ३.८ वर आणून ठेवायची. बॅलन्स चार्जरशिवाय चार्ज करायची नाही, लावून झोपायचं नाही. फुगली, आपटली, भोक पडलं तर मोह सोडायचा. एप्रिलच्या उन्हात गाडीत ठेवून जेवायला जायचं नाही. आमच्या घरी ती पत्र्याच्या डब्यात, फरशीवर, पडद्यापासून लांब असते.

जागेचं काय, हा प्रश्न कोल्हापुरात वेगळाच आहे. राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, आपल्या गावाला उजळाईवाडीचा विमानतळ मिळाला. लहानपणी वडिलांच्या सायकलवर बसून मी तिथल्या कुंपणापर्यंत जायचो. विमानं क्वचित यायची. आलं नाही तरी आम्ही धावपट्टी बघून परत यायचो. आता तिथं रोज विमानं उतरतात, त्यामुळं गोकुळ शिरगाव, उजळाईवाडी भागात खेळण्यातलं विमानसुद्धा काढायचं नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर सरकारनं डिजिटल स्कायवर देशाचा नकाशा दिलेला आहे, लाल, पिवळा आणि हिरवा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वरची हवा पिवळी धरली जाते. २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो वर्गात येतं, त्यापुढं दोन किलोपर्यंत मायक्रो. कुठल्याही रानात जाण्याआधी नकाशा उघडून बघायचा, ही सवय मी भाच्याला पहिल्या दिवसापासून लावली. ज्या आकाशात खरी माणसं बसलेलं विमान उतरतंय, तिथं आपला फोम नको.

आणि आपल्याकडची दुसरी अडचण म्हणजे ऊस. पंचगंगेच्या काठानं मोकळं रान मिळतं ते गळीत हंगाम सुरू झाल्यावर, एकेक फड तुटत जाईल तसं. आपल्या पायाखाली फड मोकळा असला तरी शेजारचा उभाच असतो. माझं दुसरं विमान, सरांसारखंच पांढरं, पाचव्या दिवशी उभ्या उसात उतरलं. बारा फुटी ऊस. आत शिरलं की चार पावलांवर दिशा हरवते, पानांच्या कडा कोपरापर्यंत चरे ओढतात, वरून पानांची बारीक कुसं अंगावर पडतात. दीड तास मी चुकीच्या सरीत फिरत होतो. मग कळलं, बांधावर उभं राहून आधी पलीकडचं एखादं झाड हेरायचं, विमान उतरलं ती रेघ डोळ्यांत पक्की करायची आणि दुसऱ्या माणसानं दुसऱ्या बांधावरून तशीच रेघ धरायची. रेडिओ बंद करायचा नाही. मोटर बंद ठेवून एलेरॉनची काडी हलवत राहायची, म्हणजे शांततेत सर्वोची बारीक किरकिर ऐकू येते. त्या दिवशी मात्र शेजारच्या फडात टोळी तोडणी करत होती. त्यातल्या एका बाईंनी कोयता खांद्यावर टाकून आवाज दिला, ‘ओ भाऊ, तुमचं पाखरू हितं हाय.’ दोन उसांच्या शेंड्यांवर विमान अलगद बसलं होतं. एक ओरखडा नव्हता. त्यांच्या मुलीनं ते हातात घेऊन बघितलं आणि ते इतकं हलकं कसं, म्हणून दोनदा खालीवर केलं. त्यानंतर मी रानमालकाला विचारल्याशिवाय कधी फडात पाऊल टाकलं नाही, आणि तोडणी चालू असेल तर त्या बाजूला विमान नेत नाही.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी भाचा पहिल्या बसनं आला. आम्ही साडेसातला वडणग्याच्या रानात होतो. पाचटावर दव होतं, लांब कुठंतरी गुऱ्हाळाचा धूर सरळ वर चालला होता, म्हणजे वारा नाही. मी त्याला विमान फेकू दिलं नाही आधी. पंखाखाली दोन बोटं धरायला लावली. पंखाच्या पुढच्या कडेपासून, रुंदीच्या पाव भागावर. १८ सेंटिमीटरच्या पंखाला साडेचार. बोटांवर विमान सपाट राहिलं पाहिजे, किंवा नाक थोडं खाली. शेपूट खाली झुकली तर ते विमान फेकायचंच नाही, कारण जड शेपटीचं विमान कुणाच्याही हातात राहत नाही. त्याच्या बोटांवर ते मागं कललं. त्यानं बॅटरी अंगठाभर पुढं सरकवली, पुन्हा बोटं लावली. विमान स्थिर राहिलं. त्याच्या दोन बोटांच्या टोकांवर सव्वा मीटरचा पंख हलत नव्हता, आणि तो श्वास धरून बघत होता.

रेडिओ आधी चालू, मग बॅटरी. प्रत्येक काडी हलवून पट्टी योग्य बाजूला जातेय ते बघितलं. मी विमान फेकलं, तो काड्यांवर. ते चढलं. डावीकडं थोडं कललं आणि माझ्या पोटात गोळा आला, पण भाच्यानं काहीच केलं नाही, आणि पंख आपला आपण वर आला. मी त्याला एवढंच सांगत राहिलो, उंच राहा. दोन विजेच्या खांबांएवढी उंची हातात असली की चूक करून सुधारायला जागा मिळते. त्यानं मोठे, लांबट वळसे घेतले. तिसऱ्या वळशाला एक घार कुठून तरी आली, विमानाच्या वर जरा वेळ गोल फिरली आणि निघून गेली. सहा सेकंद कधीच मागं पडले होते. सात मिनिटांनी मी उतरायला सांगितलं. त्यानं थ्रॉटल कमी केला, विमान पाचटावर आलं आणि सरपटत थांबलं.

दुसरं उड्डाणही बरं झालं. तिसऱ्याला तो धीट झाला, खाली आला, वळताना नाक फार दाबलं गेलं आणि विमान बांधाच्या कडेला आपटलं. लांबून मला दिसलं की पुढचा भाग मोडून लोंबतोय. तो माझ्या आधी धावत सुटला. मी ढेकळांतून वाट काढत पोचलो तोवर त्यानं बॅटरी सोडवून बाजूला बांधावर ठेवली होती, तुटलेल्या कडेत अडकलेली माती फुंकरीनं काढत होता आणि दोन्ही तुकडे एकमेकांत बसतात का ते बघत होता. मी काही बोलायच्या आत त्यानं वर बघितलं.

‘मामा, हे इपीओ आहे ना? थर्माकोल नाही ना? मग फेविक्विक चालेल. पिशवीत आहे का?’